इंटिरिअर डिझाइनमधील ऑनलाइन पदव्युत्तर पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटिरिअर डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन घ्यावे का, असा विचार करणाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा विषय पडद्यावरून शिकता येतो का, हाच. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे सविस्तर दिले आहे. परंतु प्रवेश घेतल्यावर ज्यांची निराशा होते, त्यांच्या निराशेला बहुधा पडदा कारणीभूत नसतो. आपली पदवी कोणत्या प्रकारची आहे, ती कोणत्या परीक्षेपर्यंत नेते आणि आपल्या आराखड्यावर दर आठवड्याला कोण, किती वेळ नजर टाकणार आहे, याची चौकशी आधी न केल्याने ती पदरी पडते. अमेरिका आणि कॅनडा येथे अशा पदव्यांची मान्यता व व्यावसायिक परीक्षा यांची घडी चांगली बसलेली असल्यामुळे खालील उत्तरांतील नियमांचे दाखले मुख्यतः तिथले आहेत.

ही पदवी नेमकी कोणासाठी असते?

या अभ्यासक्रमांना दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले विद्यार्थी बसतात. पहिल्या गटातील विद्यार्थ्यांची पदवी दुसऱ्याच विषयातील असते (वाणिज्य, मानसशास्त्र, अभियांत्रिकी, साहित्य, काहीही) आणि त्यांना या व्यवसायात नव्याने शिरायचे असते. दुसऱ्या गटाने इंटिरिअर डिझाइन किंवा वास्तुकलेची पदवी आधीच घेतलेली असते आणि त्यांना रुग्णालये, शाळा, कार्यालये, प्रकाशयोजना किंवा शाश्वत रचना अशा एखाद्या अंगाचा खोलात जाऊन अभ्यास करायचा असतो, किंवा पुढे अध्यापनाकडे वळायचे असते.

ज्यांना केवळ घरांची सजावट, रंगसंगती, पडदे आणि फर्निचरची निवड एवढ्यापुरते काम करायचे आहे, त्यांना पदव्युत्तर पदवीची गरज नाही. एखादा चांगला प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि अनुभवी डिझायनरच्या हाताखाली काढलेली दोन वर्षे त्यांना अधिक उपयोगी पडतील. हे प्रवेश विभाग सांगणार नाही, म्हणून येथे सांगणे भाग आहे.

'पहिली व्यावसायिक पदवी' आणि 'उत्तर-व्यावसायिक पदवी' यांत फरक काय?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे. पहिली व्यावसायिक पदवी अन्य विषयातून आलेल्या विद्यार्थ्याला पायापासून शिकवते: हाताने रेखाटन, प्रमाणबद्ध नकाशे, बांधकाम पद्धती, इमारत नियम, प्रकाश, साहित्य, अंतर्गत रचनेचा इतिहास, व्यवसाय व्यवस्थापन आणि एकापाठोपाठ एक स्टुडिओ, म्हणजे प्रकल्प करत शिकण्याचे वर्ग. उत्तर-व्यावसायिक पदवी हे सर्व आपल्याला येते असे गृहीत धरून सुरू होते आणि संशोधन किंवा विशेष विषयाकडे नेते.

दोन्हींच्या प्रमाणपत्रांवर जवळजवळ सारखेच नाव असू शकते, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर एखाद्या छोट्या, आटोपशीर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो, पदवी मिळवतो आणि मग व्यावसायिक परीक्षेच्या अर्जाच्या वेळी त्याला कळते की इंटिरिअर डिझाइनचे पुरेसे श्रेयांक (क्रेडिट) आपल्या खात्यावर नाहीत. म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेला लेखी विचारावे की हा अभ्यासक्रम पहिली व्यावसायिक पदवी आहे का आणि त्यात केवळ इंटिरिअर डिझाइनचे श्रेयांक किती आहेत. उत्तर गोलमोल आले, तर तेच उत्तर समजावे.

एम.ए. आणि एम.एफ.ए. यांतले काय निवडावे?

अमेरिकेतील कला व डिझाइन संस्थांची मान्यता पाहणारी 'नॅसाड' ही संघटना सामान्य पदव्युत्तर पदवीसाठी किमान ३० सत्र-श्रेयांक आणि एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) सारख्या अंतिम, म्हणजे त्या क्षेत्रातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या पदवीसाठी किमान ६० सत्र-श्रेयांक अपेक्षिते. एम.एफ.ए. ही सर्जनशील क्षेत्रातील अंतिम पदवी मानली जात असल्यामुळे विद्यापीठात कायम अध्यापनाची इच्छा असणाऱ्यांनी तिचाच विचार करावा. व्यवसायात असलेल्या आणि एका विशिष्ट विषयात प्रावीण्य हवे असलेल्या व्यक्तीला एम.ए. पुरते. सॅव्हाना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनसारख्या संस्थेने हे दोन्ही प्रकार ऑनलाइन चालवले आहेत. त्यामुळे निवड पद्धतीनुसार न करता उद्देशानुसार करणे शक्य आहे.

मान्यता कोणाची असावी आणि ती कशी तपासावी?

मान्यता दोन पातळ्यांवर पाहावी लागते. पहिली संपूर्ण संस्थेची मान्यता. ती नसेल तर पुढचे काहीच पाहण्यात अर्थ नाही. दुसरी विशिष्ट अभ्यासक्रमाची. उत्तर अमेरिकेत ती देणारी प्रमुख संस्था म्हणजे काउन्सिल फॉर इंटिरिअर डिझाइन अ‍ॅक्रेडिटेशन, अर्थात 'सिडा'. ती १९७० मध्ये 'फायडर' या नावाने सुरू झाली आणि २००६ मध्ये तिला आताचे नाव मिळाले. सिडा व्यावसायिक पातळीवरच्या पदव्यांनाच मान्यता देते. त्यामुळे एखाद्या उत्तर-व्यावसायिक एम.ए.ला सिडाची मान्यता नसणे हा त्या अभ्यासक्रमाचा दोष ठरत नाही, तो तिच्या कक्षेतच येत नाही. मात्र नवख्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पहिल्या व्यावसायिक पदवीला ती नसेल, तर कारण विचारावे.

तपासताना एक बारकावा लक्षात ठेवावा. मान्यता एखाद्या विद्यापीठाच्या नावाला नसून ठरावीक पदवीला असते. 'आमच्या विभागाला मान्यता आहे' या वाक्याचा अर्थ बऱ्याचदा पदवीपूर्व अभ्यासक्रमाला आहे, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाही, असा निघतो. सिडाच्या स्वतःच्या यादीत पदवीचे पूर्ण नाव शोधणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

व्यावसायिक परीक्षेचा या पदवीशी काय संबंध?

अमेरिका आणि कॅनडात व्यावसायिक पात्रता ठरवणारी परीक्षा 'एनसीआयडीक्यू' या नावाने ओळखली जाते आणि ती सीआयडीक्यू ही परिषद घेते. परीक्षेचे तीन भाग आहेत: मूलभूत ज्ञान, व्यावसायिक ज्ञान आणि प्रात्यक्षिक स्वरूपाचा भाग. पदवीच्या वाटेने येणाऱ्या उमेदवाराकडे इंटिरिअर डिझाइनचे किमान ६० सत्र-श्रेयांक आणि ३,५२० तासांचा पात्र कामाचा अनुभव असावा लागतो. पूर्णवेळ नोकरीत हा अनुभव जमायला साधारण दोन वर्षे लागतात. मूलभूत ज्ञानाचा भाग पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येतो, आणि तो तेव्हाच उरकावा असे आम्ही सुचवू, कारण नोकरी लागली की पुस्तकाला हात लागणे अवघड होते.

प्रत्येक ठिकाणी ही परीक्षा सक्तीची आहे असे नाही. अमेरिकेत या व्यवसायाबाबतचे कायदे राज्यागणिक बदलतात. अलाबामा राज्याने १९८२ मध्ये पदनामाचे संरक्षण करणारा पहिला कायदा केला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या परीने नियम केले. काही ठिकाणी केवळ 'नोंदणीकृत इंटिरिअर डिझायनर' हे पदनाम राखीव असते, तर काही ठिकाणी बांधकाम परवान्यासाठी नकाशे सादर करण्याचा अधिकार त्या नोंदणीशी जोडलेला असतो. जगातील बहुसंख्य देशांत या व्यवसायाला परवानाच लागत नाही. जिथे काम करायचे आहे तिथला नियम आधी वाचावा आणि मग त्याला साजेशी पदवी शोधावी. उलट क्रमाने गेल्यास पैसा आणि वेळ दोन्ही अडकतात.

स्टुडिओ ऑनलाइन कसा चालतो?

स्टुडिओ हा या शिक्षणाचा कणा आहे. विद्यार्थ्याला एखादा प्रकल्प दिला जातो, तो दर आठवड्याला आपले काम मांडतो आणि शिक्षक व सहाध्यायी त्याची चिरफाड करतात. या समीक्षेला स्टुडिओच्या भाषेत 'क्रिट' म्हणतात. ऑनलाइन पद्धतीत हे दोन तऱ्हांनी होते. काही अभ्यासक्रमांत ठरलेल्या वेळी सर्वजण व्हिडिओवर एकत्र येतात. इतरांत विद्यार्थी आपला नकाशा चढवतो आणि शिक्षक सवडीने त्यावर लाल रेघा मारून, आवाजात टिपणी नोंदवून परत पाठवतात.

दुसरी पद्धत कमअस्सल आहे असा समज आहे. तो सरसकट खरा नाही. एक उदाहरण पाहू. विद्यार्थिनीने दंतवैद्यकीय दवाखान्याचा आराखडा केला आहे. चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी किमान ८१५ मिलिमीटर हवी हा अमेरिकी सुगम्यता नियम तिला पाठ आहे, म्हणून तिने दाराची फळीच ८१५ मिलिमीटरची दाखवली आहे. शिक्षिका त्या दारावर थांबते, पडद्यावर नकाशा मोठा करते, दार ९० अंशांत उघडून काढते आणि दाखवते की मोकळी रुंदी उघड्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत मोजली जाते. फळीची जाडी आणि पट्टी वजा केल्यावर हाती ८१५ उरतच नाहीत, म्हणून फळी ९१५ मिलिमीटरची घ्यावी लागेल. मग दार रुंद झाल्यामुळे शेजारचे कपाट सरकते, कपाटामुळे प्रतीक्षाकक्षातली एक खुर्ची जाते आणि सगळा कोपरा नव्याने मांडावा लागतो. हे सारे ध्वनिचित्रमुद्रित असल्यामुळे विद्यार्थिनीला ते तीन वेळा पाहता येते. वर्गात उभ्या-उभ्या झालेल्या समीक्षेतले निम्मे बोलणे घरी पोहोचेपर्यंत विसरलेले असते.

उणीव दुसरीकडे आहे. प्रत्यक्ष स्टुडिओत शेजारच्या टेबलावर काय चालले आहे ते न मागता दिसते, रात्री उशिरा कोणीतरी मागून येऊन 'हा जिना असा का?' असे विचारते आणि त्या एका प्रश्नाने प्रकल्प मार्गी लागतो. ऑनलाइन शिक्षणात असा शेजार आपोआप लाभत नाही, तो उभा करावा लागतो. सहाध्यायांनी आठवड्यातून एकदा शिक्षकांविना भेटून अर्धवट कामे एकमेकांना दाखवावीत. पूर्ण झालेली कामे दाखवण्याचा तसा फारसा उपयोग नसतो.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील रंगीत चित्रांपेक्षा पुढील गोष्टी विचाराव्यात: एका स्टुडिओत किती विद्यार्थी असतात, प्रत्येकाला आठवड्याला किती मिनिटांची समीक्षा मिळते, ती देणारे शिक्षक स्वतः व्यवसायात आहेत का, आणि अंतिम सादरीकरणाला बाहेरचे परीक्षक येतात का. एखाद्या प्रत्यक्ष समीक्षेचे ध्वनिचित्रमुद्रण पाहायला मिळेल का, असेही विचारावे. देण्याजोगे असेल तर संस्था आनंदाने देते.

कापड, लाकूड, दगड, प्रकाश हे पडद्यावर कसे कळणार?

पडद्यावर ते कळत नाही, आणि चांगले अभ्यासक्रम तसा आवही आणत नाहीत. ते विद्यार्थ्याला नमुने मागवायला, जवळच्या दालनांना भेटी द्यायला आणि प्रत्यक्ष नमुन्यांचे फलक तयार करायला लावतात.

पडद्याची फसवणूक कुठे होते हे ध्यानात घेतले पाहिजे. राखाडी रंगाचे सोफ्याचे कापड आणि त्याच राखाडी छटेची फरशी पडद्यावर तंतोतंत जुळतात, खिडकीशी दिवसाच्या उजेडातही जुळतात, आणि संध्याकाळी २,७०० केल्व्हिनच्या उबदार दिव्याखाली कापड तांबूस, तर फरशी हिरवट दिसू लागते. दोन वस्तूंचा रंग एका प्रकाशात सारखा आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळा दिसतो, कारण त्यांतील रंगद्रव्ये प्रकाशाच्या निरनिराळ्या तरंगलांबी निरनिराळ्या प्रमाणात परत फेकतात. दिव्याचा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप, कमी असेल तर फरक आणखी ठळक होतो. हे शिकायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन-तीन प्रकारचे दिवे, नमुन्यांचे तुकडे आणि नोंदवही पुरते. तो प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा.

मापांचेही तसेच आहे. पडद्यावर नकाशा हवा तेवढा मोठा करता येत असल्यामुळे नवख्या विद्यार्थ्याची प्रमाणाची जाण बोथट होते. दर आठवड्याला नकाशा १:५० प्रमाणात कागदावर छापून पाहावा आणि शंका असलेला भाग घरातल्या जमिनीवर चिकटपट्टीने पूर्ण मापात आखून त्यात चालून पाहावे. चाकाच्या खुर्चीला पूर्ण वळायला लागणारे १,५२५ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ एकदा जमिनीवर आखले की ते कायमचे लक्षात राहते.

कोणता संगणक आणि कोणती सॉफ्टवेअर लागतात?

नकाशे व त्रिमितीय प्रतिकृतींसाठी ऑटोकॅड, रेव्हिट व स्केचअप, एखादे रेंडरिंग (खऱ्यासारखी चित्रे बनवणारे) सॉफ्टवेअर आणि अडोबीची फोटोशॉप व इनडिझाइन ही जोडी बहुतेक ठिकाणी लागते. रेव्हिट केवळ विंडोजवर चालते, हे मॅक घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. किमान १६ जीबी, शक्यतो ३२ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असावे. ऑटोकॅड, रेव्हिट ही ऑटोडेस्क कंपनीची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतात. कागद, स्केल आणि पेन्सिल मात्र सुटत नाहीत. सुरुवातीच्या विचाराला हातच लागतो.

दुसऱ्या विषयाची पदवी असताना पोर्टफोलिओ कशाचा द्यायचा?

इंटिरिअर डिझाइनचे काम नसले तरी चालते. पाहण्याची आणि विचार करण्याची शिस्त दिसली पाहिजे. रेखाचित्रे, छायाचित्रे, शिवणकाम, सुतारकाम, ग्राफिक काम, यांपैकी काहीही चालू शकते. निवड समितीला अंतिम चित्रापेक्षा त्यामागचा प्रवास पाहण्यात रस असतो. म्हणून नेहमीच्या वापरातल्या एखाद्या खोलीचे मोजमाप घ्यावे, तिचा प्रमाणबद्ध नकाशा काढावा, माणसे तिच्यात कुठून कुठे वावरतात ते नोंदवावे, अडचण कोठे आहे ते दाखवावे आणि एक बदल सुचवावा. अशी चार पाने दहा चकचकीत रेंडरिंगपेक्षा अधिक बोलतात. पदवीपूर्व पातळीवरचे काही पायाभूत विषय आधी पूर्ण करण्याची अट घातली जाऊ शकते. ती कमीपणाची मानू नये, पण तिच्यामुळे वाढणारा कालावधी हिशेबात धरावा.

नोकरी सांभाळून हे जमते का?

जमते, परंतु माहितीपत्रकातील 'लवचीक' या विशेषणावर विसंबून राहू नये. अमेरिकी पद्धतीत एका श्रेयांकामागे आठवड्याला साधारण तीन तासांचे काम धरले जाते, म्हणजे तीन श्रेयांकांच्या एका विषयाला नऊ तास आणि दोन विषयांना अठरा तास झाले. स्टुडिओ हा हिशेब नेहमीच ओलांडतो. पूर्णवेळ नोकरी असलेल्याने एका सत्रात एक स्टुडिओ आणि फार तर एक लेखी विषय घ्यावा. दोन स्टुडिओ एकत्र घेऊन वर्ष वाचवण्याचा मोह टाळलेला बरा. त्यात वर्ष वाचते आणि पोर्टफोलिओ बुडतो. थेट समीक्षेची वेळ आपल्या घड्याळात मध्यरात्रीची येते का, तेही आधी पाहावे.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव कसा मिळवायचा?

ऑनलाइन विद्यार्थ्याला आपल्याच गावातील कार्यालयात उमेदवारी करता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. मात्र जागा बहुधा स्वतः शोधावी लागते. उमेदवारीत रंगीत चित्रे काढायला मिळण्याची अपेक्षा धरू नये. फर्निचर व साहित्याच्या याद्या, छताचे आराखडे, कारागिरांसाठीची कार्यचित्रे, पुरवठादारांशी पत्रव्यवहार आणि साइटवरची मोजमापे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांतूनच धंदा कळतो.

प्रबंध किंवा अंतिम प्रकल्पात काय अपेक्षित असते?

एक प्रश्न, त्यावरचे संशोधन आणि त्या संशोधनातून निघालेली रचना. प्रश्न जितका आवाक्यातला, तितका प्रबंध सकस होतो. 'वृद्धांसाठी घरे' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला आपली खोली ओळखू यावी यासाठी मार्गिकेची रचना कशी असावी' हा प्रश्न आहे. ऑनलाइन विद्यार्थ्यांनी अशी जागा निवडावी की जिथे ते प्रत्यक्ष वारंवार जाऊ शकतील. मुलाखती घ्यायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी लागू शकते आणि तिला वेळ लागतो.

ऑनलाइन पदवीवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळतो का?

संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर मिळत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला एका सत्रातील पूर्णवेळ अभ्यासात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन श्रेयांकांपर्यंत, धरता येतो. आपल्या देशात बसून पूर्ण केलेल्या पदवीवर तिथे शिक्षणोत्तर कामाची परवानगी मिळण्याची अपेक्षाही ठेवू नये.

इतर देशांत ही पदवी मानली जाते का?

खासगी कार्यालये पोर्टफोलिओ पाहतात. सरकारी नोकरी, विद्यापीठातील अध्यापन आणि पीएच.डी. प्रवेश यांसाठी मात्र परदेशी पदवीची समकक्षता तपासली जाते, आणि पदवी ऑनलाइन घेतलेली असल्यास काही देश ती नाकारतात किंवा वेगळ्या अटी लावतात. ज्या देशात पदवी वापरायची आहे तेथील उच्च शिक्षण नियामकाचा नियम प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी वाचावा.

शुल्काशिवाय कोणता खर्च धरावा?

संगणक, मोठा पडदा, छपाई, प्रतिकृतीचे साहित्य, नमुन्यांचा टपालखर्च, आणि असल्यास अल्पकालीन निवासी सत्राचा प्रवास. अमेरिकेतील परीक्षेच्या तिन्ही भागांचे शुल्क स्वतंत्र असते, तेही लक्षात ठेवावे.

चित्रे आता कृत्रिम बुद्धिमत्ता काढून देते. मग पदवी कशाला?

चित्रासाठीच पदवी घ्यायची असेल, तर खरोखरच घेऊ नये. यंत्राने काढलेल्या देखण्या दालनात आपत्कालीन निर्गमनाची वाट कोठे आहे, छतातील वातानुकूलनाची नळी तुळईला कशी चुकवते आणि भिंतीवरचे कापड आग लागल्यास कसे वागते, हे त्या चित्राला विचारून कळत नाही. नकाशावर सही करणाऱ्याला ते माहीत असावे लागते.

दूरशिक्षण या विषयाला नवीन आहे का?

अजिबात नाही. शेरिल व्हिटन यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेली न्यूयॉर्क स्कूल ऑफ इंटिरिअर डिझाइन ही संस्था संगणक येण्याच्या कितीतरी आधी टपालाने घरबसल्या शिकण्याचा अभ्यासक्रम चालवत असे.

प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' असे लिहिलेले असते का?

अनेक संस्था लिहीत नाहीत, विशेषतः तोच अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातही चालत असेल तर. गुणपत्रकात मात्र अध्यापनाची पद्धत नोंदलेली असू शकते, आणि समकक्षता तपासणाऱ्या कार्यालयाने विचारल्यास संस्था ती कळवते. त्यामुळे मुलाखतीत ही बाब लपवू नये. विचारल्यास सरळ सांगावी आणि पुढचा प्रश्न येण्याआधी कार्यचित्रांचा संच समोर ठेवावा.